त्याला कुणी विचारलं?

मागच्या-मागच्या वर्षीची गोष्ट. ऑगस्ट महिना, बाहेर पावसाची झड लागलेली, आणि आदिलाबादमधल्या एका शाळेच्या ऑफिसात आम्ही सहा माणसं बसलो होतो. मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, गणिताचे सर, माझा मुलगा, सूनबाई आणि मी. सातवा माझा नातू. नववीतला, नुकतं चौदावं संपलेलं. खुर्ची उरली नव्हती म्हणून तो कपाटाला टेकून उभा होता.

चर्चा त्याचीच होती. तो वह्या विसरतो, उत्तरं अर्धवट सोडतो, शिकवणं चालू असताना खिडकीबाहेर बघतो, नको तिथे मधेच बोलतो. मग माझ्या मुलानं फाईल उघडली. नागपूरच्या डॉक्टरांनी एडीएचडी असं निदान केलं होतं, तो कागद पुढे केला. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर जन्मभर मास्तरकी केलेली, त्यामुळे सगळ्यांपेक्षा जास्त मीच बोलले. पाऊण तासानं आम्ही उठलो, नमस्कार-चमत्कार झाले, ऑटोत बसलो. तेव्हा तो हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही सगळे बोलले. मले कोणी विचारलंच नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पैनगंगेकाठच्या एका गावी मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. इतिहास म्हणजे काय, असं पोरांनी विचारलं की मी सांगत असे, जे झालं ते कुणी लिहून ठेवलं आणि कुणी लिहिलंच नाही, हे शोधणं म्हणजे इतिहास. आणि माझ्या डोळ्यांसमोर एका मुलाचा इतिहास सहा जणांनी सांगितला, त्याचं एक वाक्यही त्यात आलं नाही! दुसऱ्या दिवसापासून मी या आजाराचा, खरं तर आजार म्हणावं की स्वभाव की मेंदूची घडण, हेही पुढे कळलं, त्याचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता लक्षात आलं की आमच्या त्या ऑफिसातली बैठक गेली दोनशे वर्षं चालूच आहे. माणसं तेवढी बदलतात. कपाटाला टेकून उभा राहणारा पोरगा तोच.

पहिली ठळक नोंद १७९८ सालची. अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं मनाच्या विकारांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात एक प्रकरण 'लक्ष' या विषयावर. काही माणसांचं लक्ष एका जागी ठरत नाही, असं तो सांगतो. खोलीत कुणी फेऱ्या मारल्या, दार लावलं, टेबल सरकवलं, उजेड जरा जास्त झाला, एवढ्यानंही ती अस्वस्थ होतात. हे जन्मापासून असलं तर लहानपणीच दिसून येतं आणि शिकण्याच्या आड येतं, पण शिक्षण अगदीच अशक्य होईल असं क्वचितच घडतं, आणि वयाबरोबर ते बहुधा कमी होतं. लॅटिन-ग्रीक व्याकरणाचं रुक्ष पाठांतर या मुलांना किती जड जातं, हेही त्यानं लिहिलंय. मला सर्वांत आवडली ती बारीकशी गोष्ट अशी की, ही माणसं आपल्या या अवस्थेला स्वतःच 'फिजेट्स' म्हणतात, अशी त्यानं नोंद करून ठेवली. फिजेट्स म्हणजे आपली चुळबुळ. म्हणजे सगळ्यात जुन्या पानावर त्रास सोसणाऱ्याचा स्वतःचा एक शब्द तरी आहे. पुढे पुढे तोही हरवला.

मग १८४०च्या दशकात फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांची चित्रं आणि गाणी. आपल्या तीन वर्षांच्या मुलाला नाताळात द्यायला त्यांना दुकानात धड पुस्तक मिळेना, तेव्हा कोरी वही आणून त्यांनी स्वतःच ती भरली. पुढे त्याच्या छापील पुस्तकात फिलिप नावाचा एक चुळबुळ्या पोरगा आला. जेवणाच्या टेबलावर तो खुर्ची मागेपुढे झुलवतो, शेवटी टेबलक्लॉथ धरून ताट-वाट्यांसकट खाली येतो. जर्मनीत आजही अशा मुलाला त्याच फिलिपच्या नावानं चिडवतात म्हणे. मी ते गाणं भाषांतरात वाचलं आणि थबकले. त्यात बाप बोलतो. आई गप्प राहून टेबलाभोवती नजर फिरवते. फिलिपच्या तोंडी एकही वाक्य नाही. आमच्या ऑफिसाचंच चित्र की हे!

तिसरा थांबा १९०२. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं तीन व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली, तरी लक्ष टिकत नाही, रागावर ताबा नाही, शिक्षा केली तरी थोड्या वेळानं पुन्हा तेच, अशा मुलांबद्दल. घरच्या वळणाचा दोष नसतानाही असं होतं, याची मुळं शरीरात असावीत, असं त्यानं मांडलं. हे त्या काळात मोठंच पाऊल होतं. पण त्याला त्यानं नाव दिलं ते नैतिक संयमाच्या उणिवेचं. नैतिक! तो एक शब्द चिकटला तो चिकटलाच. आपल्याकडे त्याला इंग्रजी पुस्तकाची गरजही पडली नाही. वांड, उनाड, उचापती, 'संस्कारच नाहीत'. मुलगी असेल तर धांदरट, वेंधळी, 'सासरी कशी नांदेल'. हे सगळे शब्द मी स्वतः वापरलेत. स्टाफरूममध्ये बसून, चहा पिता पिता.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. १९९०च्या आसपास माझ्या वर्गात एक मुलगा होता. कापूसवेचणीच्या घरातला. हुशार, डोळे लखलखीत, पण पेपरात दोन ओळी लिहायचा आणि पुढचं पान कोरं. मला वाटायचं, हा मुद्दाम करतो, माझा अपमान करतो. एकदा भर वर्गात मी त्याची वही खिडकीतून बाहेर फेकली. तो गेला, चिखलातून वही उचलून आणली, बाकावर ठेवली, काहीच बोलला नाही. दहावीला बसलाच नाही. त्याला नेमकं काय होतं हे मी आज सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण मी त्याला विचारलं नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे.

स्टिलनंतर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोप-अमेरिकेत मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. तिच्यातून वाचलेली काही मुलं अतिशय चंचल झाली. त्यावरून डॉक्टरांनी ताडलं की चंचलपणा म्हणजे मेंदूला झालेली इजा. इजा दिसली नाही तर ती 'किंचित' असणार! असं करत करत 'मेंदूची किंचित इजा' आणि मग 'मेंदूतला किंचित बिघाड' अशी नावं रूढ झाली. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरानं तीस मुलांना बेंझेड्रिन नावाचं उत्तेजक औषध देऊन पाहिलं. तपासणीनंतर उठणारी डोकेदुखी घालवायला म्हणून त्यानं ते आधी वापरलं होतं. डोकेदुखीचं सोडा, निम्म्या मुलांचा अभ्यासच सुधारला. उत्तेजक औषधानं चंचल पोर शांत बसतं, हे पाहून तोही चकित झाला. मुलांनी त्या गोळ्यांचं नाव ठेवलं होतं 'गणिताच्या गोळ्या'. दीडशे वर्षांत कानावर पडलेला मुलांचा हा एवढाच आवाज. तोही गंमत म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात गंमत दिसत नाही. गोळीनं नेमकं काय सोपं होतं, हे त्या मुलांनी एका शब्दात सांगितलं होतं.

मग नावांची बदलाबदल. १९६८ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत याचं नाव अतिचंचलतेवरून पडलं. १९८०मध्ये भर चंचलतेवरून लक्षावर आला. चंचलता असो वा नसो, लक्ष टिकत नाही हे मुख्य. १९८७ साली दोन्ही जोडून आजचं एडीएचडी हे नाव झालं. लक्षावर भर आल्यामुळे कोपऱ्यात गप्प बसून हरवून जाणाऱ्या मुलीही हळूहळू डॉक्टरांना दिसू लागल्या. त्या कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणी त्यांना दवाखान्यात नेत नाही. २०१३च्या आवृत्तीत लक्षणं सात वर्षांच्या आत दिसायला हवीत ही अट सैल करून बारापर्यंत नेली, आणि मोठेपणीही हे टिकतं हे उघड मान्य केलं. आज एवढं नक्की कळलंय की हे घराण्यात उतरतं आणि आळसाशी याचा संबंध नाही. लक्ष हवं तिथे वळवणं, आवेग आवरणं, वेळेचा अंदाज घेणं, सांगितलेली गोष्ट डोक्यात धरून ठेवणं, ही कामं मेंदू ज्या रीतीनं करतो ती रीतच या मुलांत वेगळी असते. गमतीची गोष्ट म्हणजे आवडीच्या कामात हीच मुलं तासन् तास बुडून जातात. मग आपण म्हणतो, मोबाईल बघताना बरं लक्ष लागतं! तिथेच त्यांचं तोंड बंद होतं.

हे झालं डॉक्टरांचं. तोंड उघडण्याचा इतिहास दुसरीकडून आला. १९७४ साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांनी स्वतः पुढाकार घेऊन परिषद भरवली. आम्ही आधी माणूस आहोत, मग बाकीचं, या अर्थाचं नाव त्यांनी आपल्या संघटनेला दिलं. तोवर त्यांच्या वतीनं आईबाप बोलत, डॉक्टर बोलत. पुढे जगभरच्या अपंगांच्या चळवळीनं एक घोषणा उचलली. आपल्या भाषेत सांगायचं तर, आमच्याबद्दलचं काहीही आमच्यावाचून ठरवू नका. १९८९च्या बालहक्क करारात बाराव्या कलमानं सांगितलं की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबीत त्याला मत मांडायचा हक्क आहे आणि त्याच्या वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्या मताला वजन दिलं पाहिजे. भारतानं तो करार १९९२मध्ये स्वीकारला. २००६ साली अपंगांच्या हक्कांचा करार झाला, त्यातही अपंग मुलांसाठी हेच पुन्हा आलं. भारतानं त्यालाही २००७मध्ये मान्यता दिली.

आपल्या बाजूला याची सुरुवात महाराष्ट्रानं केली. वाचन-लेखन-गणितात अडणाऱ्या, म्हणजे अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती रीतसर देणारं ते देशातलं पहिलं राज्य, साल १९९६. जादा वेळ, दुसऱ्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी या कामी बरंच काही केलं. मग दिव्यांग हक्क कायदा २०१६ आला, एप्रिल २०१७पासून लागू झाला. त्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे. एडीएचडी मात्र स्वतंत्र नावानं नाही. दोन्ही गोष्टी पुष्कळ मुलांत जोडीनं असतात, तेव्हा दाखला मिळायला वाट सापडते, नुसत्या एडीएचडीवाल्याला ती अरुंद होते. पण याच कायद्यात 'वाजवी सोय' हा शब्द आहे. फार खर्च, फार अडचण न होता जी सोय करता येते ती करून द्यावी, असा त्याचा अर्थ. २०२१च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात निकाल दिला. लिहिताना त्याचा हात आखडायचा, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लेखनिक हवा होता, पण चाळीस टक्क्यांच्या मापात तो बसत नव्हता. न्यायालय म्हणालं, लेखनिकाची सोय त्या टक्केवारीत बसणाऱ्यांपुरतीच ठेवता येणार नाही. प्रत्येकाची गरज पाहावी लागेल. हे सगळं घडलं ते तो माणूस मागायला उभा राहिला म्हणून. वाजवी सोय आपोआप चालत येत नाही. काय हवं ते कुणीतरी सांगावं लागतं.

आणि सांगायला भाषा लागते. ही गोष्ट आमच्या जिल्ह्याइतकी कुणाला ठाऊक असेल? १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम आणि त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. गोंडांच्या जमिनी जात होत्या, जंगलखात्याचे लोक लुबाडत होते. दरबारची, कचेरीची भाषा उर्दू, गोंड बोलणार गोंडी. मधे जो दुभाषा तोच बहुधा लुबाडणारा. हे का झालं याचा शोध घ्यायला निजाम सरकारनं क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला लावलं. ते आणि त्यांची पत्नी बेटी मार्लवाई गावात येऊन गोंडांच्यात राहिले. १९४३मध्ये तिथे शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं. ज्या थोड्या गोंड तरुणांना मोडकंतोडकं मराठी लिहिता-वाचता येत होतं त्यांनाच हाताशी धरलं आणि गोंडीची पहिली पुस्तकं आपल्या देवनागरीत तयार झाली. आधी आपल्या बोलीत, मग कचेरीच्या भाषेत. पट्ट्यावर काय लिहिलंय हे ज्याला वाचता येतं त्याला पटवारी सहज फसवू शकत नाही, इतका साधा त्यामागचा विचार. बेटींची समाधी मार्लवाईत आहे. मी मुलांना सहलीला तिथे न्यायची, माहिती लिहून घ्यायला लावायची. मी शिकवलेला तो धडा माझ्याच घरात मला दिसला नाही.

कारण माझ्या नातवाची गतही तशीच होती. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, शाळेत इंग्रजी, आणि डॉक्टरांच्या कागदावर चार इंग्रजी अक्षरं. तीन भाषांत त्याला बोलता येतं, पण आपल्याला काय होतं हे सांगायला एकाही भाषेत शब्द नव्हते. आम्ही सगळे त्याचे दुभाषे झालो होतो.

याची जाणीव मला करून दिली ती त्यानंच. आमच्या घरी संध्याकाळी सामायिक करायची रीत आहे. अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर. लहानपणापासून तो बसायचा, दहा मिनिटांत उठायचा, पाणी प्यायचा, परत बसायचा, आणि मी डोळे वटारायची. ऑफिसातल्या त्या दिवसानंतर आठवड्यानं मी त्याला पहिल्यांदा विचारलं, "बाळा, तुला नेमकं काय होतं रे?" तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "आजी, मले बसवत नाही. पाय आतून पळते. पण देवळात महावीर उभे बी आहेत ना? बाहुबली तर उभेच आहेत. मग मी उभा राहून करू का?"

मी बघतच राहिले. कायोत्सर्ग म्हणजे उभ्यानं केलेलं ध्यान, हे मला शास्त्रातून माहीत होतं, त्यानं ते मूर्तीकडे बघून ओळखलं होतं. किती वर्षं हा पोरगा हे मनात घेऊन बसला असेल? त्या दिवसापासून तो उभा राहतो. अठ्ठेचाळीस मिनिटं होत नाहीत, वीस-पंचवीस होतात. पण भांडण मिटलं. आणि मला कळलं की याला बोलता येतं, फक्त समोरच्याच्या चेहऱ्यावर आधीच निकाल लिहिलेला नसावा.

मग आम्ही एक वही केली. वहीत तीनच प्रश्न. मला काय जमतं? कुठे अडतं? काय मिळालं तर जमेल? उत्तरं त्याची, त्याच्या बोलीत. "मले ऐकू येते सगळं. पण सर चार गोष्टी एकदम सांगते, अन् दुसरीवरच डोकं निघून जाते." "खिडकीपाशी बसलो की रस्त्यावरच्या गाड्या मोजतो, मोजायच्या नसल्या तरी." "पेपरात शेवटचे प्रश्न येते, पण पहिल्यावरच वेळ जाते." एकेक वाक्य मी वाचत गेले आणि क्रायटनचं ते टेबल, ते दार, तो उजेड आठवत गेला. औषधाचंही त्यानं लिहिलं, गोळी घेतली की दुपारी भूक लागत नाही. डॉक्टरांकडे दर वेळी ते सूनबाई सांगायची, "थोडं कमी जेवतो". पुढच्या खेपेला त्यानं स्वतः सांगितलं, किती वाजता, किती दिवसांपासून, आणि डॉक्टरांनी लगेच गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ यांचा मेळ बसवून दिला.

मग तालीम. एकदम मुख्याध्यापकांसमोर नाही. आधी शिंप्याकडे जाऊन पँट कुठे आवळते ते सांगायचं. किराणा दुकानात चुकीचं सामान आलं तर परत करायचं. मी बरोबर जायची, पण माझ्यासाठी एक नियम होता, तोंड उघडायचं नाही. वाचकहो, तीस वर्षं शिकवलेल्या बाईला गप्प बसणं हे सामायिकापेक्षा अवघड जातं! तो अडखळायचा, विषय सोडून भलतंच बोलायचा, आणि माझ्या जिभेवर वाक्य तयार असायचं. ते गिळायचं. नकार ऐकायचीही तालीम केली. मी मुख्याध्यापक व्हायची आणि म्हणायची, "असं सगळ्यांना केलं तर शाळा कशी चालेल?" पहिल्यांदा तो चिडून उठून गेला. चौथ्यांदा म्हणाला, "सर, नाही म्हणता तर का, ते सांगा. मग दुसरं काही करता येईल का ते बघू." हे वाक्य मी त्याला शिकवलं नव्हतं.

एक गोष्ट त्यानंच ठरवली. एडीएचडी हा शब्द कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही. वर्गशिक्षिकेला सांगायचा, वर्गातल्या पोरांना नाही. गरज सांगता येते, निदान आपल्यापाशी ठेवता येतं. मला आधी पटलं नाही. मग वाटलं, आपल्याबद्दलची बातमी आपण द्यायची की नाही हाही बोलण्याच्या हक्काचाच भाग आहे. इथे मी त्याच्याबद्दल लिहितेय तेही त्याला विचारून. त्यानं दोन ओळी काढायला लावल्या, त्या मी काढल्या.

वहीतलं त्यानं आधी आमच्या मराठीत म्हणून पाहिलं, मग शाळेत चालेल अशा इंग्रजीत उतरवलं. मार्लवाईचाच क्रम. दिवाळीनंतर पुन्हा बैठक झाली. या वेळी मी आधीच सांगून सातवी खुर्ची मागवली होती. आता गंमत बघा, वही तो घरीच विसरला! माझ्या पोटात गोळा आला. त्यानं तळहात पुढे केला, त्यावर पेननं तीन शब्द लिहिले होते. गृहपाठ, जागा, वेळ. गृहपाठ तोंडी सांगण्याबरोबर फळ्यावर लिहावा. जागा पुढची, खिडकीपासून लांब. घटक चाचणीत दहा मिनिटं जास्त. बोलताना त्याचा पाय सारखा हलत होता, दोनदा तो भरकटला, एकदा गणिताच्या सरांनी घड्याळ बघितलं. पण बोलला. पहिल्या दोन गोष्टी त्याच दिवशी मान्य झाल्या, आणि फळ्यावर लिहिलेला गृहपाठ वर्गातल्या इतर पोरांनाही आवडला असं पुढे कळलं. तिसरीला नकार मिळाला. नियम बघावे लागतील म्हणाले. त्यानं विचारलं, "कधी बघाल, सर? मी सोमवारी येऊ का?" तो सोमवारी गेला. त्याच्या पुढच्या सोमवारीही गेला. तिसरी गोष्ट अजून लटकलेलीच आहे. पण आता पाठपुरावा करतो तो, आम्ही नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर एक काम उरलं होतं. वही फेकलेला तो माझा विद्यार्थी. त्याचं बेल्याच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे, आता त्याचेच केस पांढरे होऊ लागलेत. मागच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम गेले. त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मी म्हटलं, "अरे, तेव्हा मी तुला कधी विचारलं नाही, आज विचारते. पेपर कोरा का सोडायचास?"

तो हसला. "बाई, उत्तर येत होतं न. पण पहिली ओळ लिहीपर्यंत पुढचं सगळं निघून जाये. तोंडी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "राहू द्या बाई, किती जुनी गोष्ट." मग ट्यूबला पंप लावता लावता एकदम म्हणाला, "तो प्रश्न पानिपताचा होता. मराठे का हरले, तीन कारणं द्या." आणि त्यानं ती दिली. तीन. तिन्ही बरोबर होती.